जलसंवर्धित अंबाडी

जलसंवर्धित अंबाडी म्हणजे माती न वापरता, पोषकद्रव्ये विरघळविलेल्या पाण्यावर हरितगृहात वाढविलेली अंबाडी होय. अंबाडी ही जास्वंदीच्या हिबिस्कस या प्रजातीतील खाद्य वनस्पती असून तिचा आंबट पाला भाजीसाठी आणि लाल, मांसल बोंडे सरबत, चटणी व चहासारख्या पेयासाठी वापरतात. शेतातील अंबाडी हे मुख्यतः पावसाळी पीक आहे. त्यामुळे ताजा पाला वर्षभर मिळावा म्हणून, तसेच थंड हवामानाच्या देशांत हे पीक घेता यावे म्हणून हरितगृहाचा आधार घेतला जातो. अशा पिकाची पोषणगुणवत्ता शेतातील पिकाच्या तोडीची असते का, हा प्रश्न ग्राहक आणि उत्पादक या दोघांच्याही दृष्टीने महत्त्वाचा आहे. मातीविना वाढविले एवढ्याच कारणाने पीक अधिक पौष्टिक किंवा निःसत्त्व ठरत नाही. वाण, प्रकाश, तापमान, पोषकद्रावणाची घडण, काढणीची वेळ आणि काढणीनंतरची हाताळणी यांवर त्याची गुणवत्ता अवलंबून असते.

नाव आणि वनस्पतिपरिचय

मराठीत अंबाडी हे नाव माल्व्हेसी कुलातील दोन जवळच्या जातींना लावले जाते. पहिली हिबिस्कस कॅनाबिनस. तिच्या सालीपासून वाख काढून दोर, दावी व कासरे वळण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. दुसरी हिबिस्कस सॅबडॅरिफा. तिला लाल अंबाडी असेही म्हणतात. दोन्हींचा कोवळा पाला भाजी म्हणून खाल्ला जातो. मात्र मांसल बोंडे फक्त दुसऱ्या जातीला येतात. पहिल्या जातीत ३६, तर दुसरीत ७२ गुणसूत्रे असतात.

लाल अंबाडी मूळची आफ्रिकेतील आहे. तेथून ती आशिया, कॅरिबियन बेटे व मध्य अमेरिकेत पसरली. आंध्र प्रदेश व तेलंगणात तिच्या पाल्याला गोंगुरा, तर कर्नाटकात पुंडी म्हणतात. बोंडांपासून केलेले पेय सुदान व ईजिप्तमध्ये कर्कदे, सेनेगलमध्ये बिसाप आणि मेक्सिकोत हमायका या नावांनी ओळखले जाते. इंग्रजीत या वनस्पतीला रोझेल म्हणतात.

झाड वर्षायू, सरळ वाढणारे व सुमारे २ मीटर किंवा त्याहून उंच होते. फूल फिकट पिवळे व मध्यभागी गडद लाल असून एकच दिवस टिकते. पाकळ्या गळाल्यावर फळाभोवतीचा संवर्त, म्हणजे बाहेरच्या दलांचे आवरण, फुगून मांसल व रसदार बनतो. व्यवहारात ज्याला अंबाडीचे फूल किंवा बोंड म्हणतात तो हा संवर्तच होय.

खाद्य जाती व वाण

लाल अंबाडीचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. सॅबडॅरिफा हा प्रकार बुटका व फांद्या फुटणारा असून मुख्यतः बोंडांसाठी लावतात. अल्टिसिमा हा प्रकार उंच, कमी फांद्यांचा असतो व वाखासाठी लावला जातो. बोंडांच्या रंगानुसार गडद लाल, फिकट लाल आणि हिरवट-पांढरे असे वाण आढळतात. गडद लाल बोंडांत अँथोसायनिन हे रंगद्रव्य विपुल असते, तर हिरवट-पांढऱ्या बोंडांत ते जवळजवळ नसते. पश्चिम आफ्रिकेत अशी पांढरी बोंडे भाजी म्हणून शिजवतात.

पाल्याच्या बाबतीत लाल देठाचा आणि हिरव्या देठाचा असे दोन प्रकार बाजारात येतात. लाल देठाचा पाला सामान्यतः अधिक आंबट समजला जातो.

हिबिस्कस प्रजातीतील हिबिस्कस ॲसिटोसेला या आफ्रिकी जातीची तांबूस, आंबट पानेही खाद्य आहेत. बागेतील जास्वंद म्हणजे हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस. तिची फुले काही ठिकाणी पेयात घालतात. परंतु शोभेसाठी वाढविलेल्या रोपांवर खाद्यपिकांसाठी न सुचविलेली कीटकनाशके फवारलेली असू शकतात, म्हणून रोपवाटिकेतील अशी फुले खाण्यासाठी वापरू नयेत. भेंडी पूर्वी याच प्रजातीत गणली जाई. आता तिचा समावेश अबेल्मॉस्कस या वेगळ्या प्रजातीत होतो.

पोषणमूल्य

पाला आणि बोंडे ही आहारदृष्ट्या दोन निरनिराळी पिके आहेत. पाल्याचे महत्त्व कॅरोटीन, कॅल्शियम व क जीवनसत्त्व यांमुळे आहे. बोंडांचे महत्त्व सेंद्रिय आम्ले व अँथोसायनिन यांमुळे आहे. भारतीय अन्नघटक कोष्टकांत गोगू या नावाने नोंदविलेल्या ताज्या पाल्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १७० मिलिग्रॅम कॅल्शियम, २० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि सुमारे २,९०० मायक्रोग्रॅम कॅरोटीन दिलेले आहे. शरीर कॅरोटीनचे अ जीवनसत्त्वात रूपांतर करते.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या कोष्टकानुसार १०० ग्रॅम ताज्या, कच्च्या बोंडांतील घटक पुढीलप्रमाणे आहेत:

पाणी: ८६.६ ग्रॅम
ऊर्जा: ४९ किलोकॅलरी
प्रथिने: ०.९६ ग्रॅम
कर्बोदके: ११.३ ग्रॅम
कॅल्शियम: २१५ मिलिग्रॅम
मॅग्नेशियम: ५१ मिलिग्रॅम
पोटॅशियम: २०८ मिलिग्रॅम
लोह: १.४८ मिलिग्रॅम
क जीवनसत्त्व: १२ मिलिग्रॅम

बोंडांच्या आंबटपणास सायट्रिक व मॅलिक आम्लांबरोबर हिबिस्कस आम्ल नावाचे विशेष आम्ल कारणीभूत असते. लाल रंग मुख्यतः डेल्फिनिडिन-३-सांबुबायोसाइड व सायनिडिन-३-सांबुबायोसाइड या दोन अँथोसायनिनांमुळे येतो. ही रंगद्रव्ये आम्लधर्मी द्रवात लालभडक दिसतात आणि आम्लता कमी होताच जांभळट-निळसर होतात. बोंडांचा अर्क स्वतःच आंबट असल्यामुळे त्याचा लाल रंग टिकून राहतो.

कोष्टकांतील आकडे हे विशिष्ट नमुन्यांवरून काढलेले असतात. हरितगृहातील किंवा शेतातील प्रत्येक जुडीला ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

जलसंवर्धनाची पद्धत

मातीविना वनस्पती वाढविता येते हे १८६० च्या सुमारास यूलियस झाक्स व विल्हेल्म क्नोप या जर्मन शास्त्रज्ञांनी पोषकद्रावणांच्या साहाय्याने दाखवून दिले. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी १९३७ मध्ये या पद्धतीसाठी हायड्रोपोनिक्स ही संज्ञा रूढ केली. त्याच विद्यापीठातील डेनिस होगलंड व डॅनियल आर्नन यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेले पोषकद्रावणाचे सूत्र फेरफार करून आजही वापरले जाते. भारतात जेम्स शॉल्टो डग्लस यांनी १९४६ पासून पश्चिम बंगालमधील कालिंपाँग येथे कमी खर्चाच्या जलसंवर्धनाचे प्रयोग केले.

अंबाडीच्या पाल्यासाठी रोपे पन्हळीतून वाहणाऱ्या द्रावणाच्या पातळ थरात किंवा खोल द्रावणावर तरंगणाऱ्या फळीत वाढविता येतात. रोपे कोवळी असतानाच शेंडे खुडले की नवे फुटवे येतात व पाला पुन्हा काढता येतो. बोंडांसाठी मात्र झाड अनेक महिने उभे ठेवावे लागते. त्याची उंची व भार लक्षात घेता कोकोपीट किंवा परलाइट भरलेल्या पिशव्या वा बादल्या आणि ठिबक सिंचन अधिक सोयीचे ठरते.

द्रावणाचा सामू साधारणतः ५.५ ते ६.५ या दरम्यान ठेवतात. सामू वाढल्यास लोह व मँगॅनीज द्रावणात असूनही मुळांना उपलब्ध होत नाहीत आणि कोवळी पाने पिवळी पडतात. म्हणून लोह कीलेट स्वरूपात दिले जाते. क्षारांची तीव्रता विद्युतवाहकतेवरून मोजतात. मुळांना प्राणवायूही लागतो. पाण्याचे तापमान २० अंश सेल्सियस असताना एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना हे प्रमाण सुमारे ७.५ मिलिग्रॅमवर येते. त्यामुळे उन्हाळ्यात द्रावण तापले की मुळे गुदमरतात, मूळकूज बळावते आणि पाणी व खनिजांचे शोषण मंदावते.

पोषणगुणवत्तेवर परिणाम करणारे घटक

प्रकाश: क जीवनसत्त्व, शर्करा आणि अँथोसायनिन यांच्या निर्मितीसाठी पुरेसा प्रकाश आवश्यक असतो. दाट सावलीत वाढविलेला पाला मोठा, पातळ व लुसलुशीत दिसतो, पण त्यात शुष्क पदार्थ व क जीवनसत्त्व कमी असते. काच सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरणांचा बहुतांश भाग अडविते. अनेक वनस्पतींत हे किरण अँथोसायनिन व तत्सम संयुगांच्या निर्मितीस चालना देतात. त्यामुळे आच्छादनाखाली वाढलेल्या लाल पानांच्या भाज्यांचा रंग पुष्कळदा फिका पडतो. पान मोठे व तजेलदार दिसणे हा पोषणगुणवत्तेचा पुरावा नव्हे.

दिवसाची लांबी: अंबाडी ही लघुदिन वनस्पती आहे, म्हणजे दिवस लहान व रात्र मोठी झाल्यावरच ती फुलते. महाराष्ट्रात पावसाळ्याच्या आरंभी पेरलेली अंबाडी शरद ऋतूत फुलावर येते त्याचे कारण हेच आहे. उत्तरेकडील थंड देशांत दिवस लहान होऊन फुले येईपर्यंत हिमतुषार पडू लागतात व बोंडे तयार होण्याआधीच झाड मरते. हरितगृहात काळ्या कापडाने दिवस लहान करून फुलोरा लवकर आणता येतो. उलट रात्री दिवे लावून फुलोरा लांबविता येतो व पाला अधिक काळ घेता येतो. शेवंतीच्या हरितगृहात हेच तंत्र वापरतात.

तापमान: अति उष्णतेत अँथोसायनिनाची निर्मिती मंदावते व तयार झालेल्या रंगद्रव्याचे विघटन वाढते. म्हणून बोंडे भरण्याच्या काळात हरितगृहातील वायुवीजन महत्त्वाचे असते. अंबाडी थंडीलाही नाजूक असल्याने हिवाळ्यात थंड प्रदेशांत कृत्रिम उष्णता पुरवावी लागते.

पोषकद्रावण: द्रावणात लोह किंवा कॅल्शियम वाढविले म्हणजे पानांत ते त्याच प्रमाणात वाढते असे नाही. मुळांची शोषणक्षमता, सामू आणि इतर आयनांशी होणारी स्पर्धा यांमुळे त्याला मर्यादा पडतात. उदाहरणार्थ, पोटॅशियम अति झाल्यास कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे शोषण घटते. कॅल्शियम पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनाबरोबर वर चढते; हरितगृहातील हवा अति दमट राहिली तर कोवळ्या शेंड्यांना ते कमी पडते. दुसऱ्या बाजूस, जलसंवर्धनात जस्त, आयोडीन व सेलेनियम यांसारखी सूक्ष्मद्रव्ये मोजून देता येतात व पालेभाज्यांत त्यांचे प्रमाण वाढविता येते. जपानमध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी कमी पोटॅशियमचे लेट्यूस याच पद्धतीने पिकविले जाते.

नायट्रेट: पालेभाज्या नत्र प्रामुख्याने नायट्रेटच्या रूपात घेतात आणि प्रकाशाच्या साहाय्याने त्याचे प्रथिनांत रूपांतर करतात. द्रावणात नायट्रेट मुबलक व प्रकाश अपुरा असेल, तर न वापरलेले नायट्रेट पानांत साठते. ढगाळ दिवसांत हरितगृहात ही स्थिती सहज उद्भवते. जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने नायट्रेटसाठी शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दिवसाला ३.७ मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा दिली आहे; ६० किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीसाठी ती २२२ मिलिग्रॅम होते. काढणीपूर्वी काही दिवस द्रावणातील नायट्रेट कमी केल्यास आणि काढणी सकाळऐवजी उन्हाच्या दिवशी दुपारनंतर केल्यास पालेभाज्यांतील नायट्रेटचे प्रमाण घटते.

ऑक्झलेट: आंबट पाल्यात ऑक्झलिक आम्लाचे क्षार असतात. ते कॅल्शियमशी बांधले जातात व त्यामुळे कोष्टकात दिसणारे सर्व कॅल्शियम शरीराला मिळत नाही. पालकासारख्या पिकांत नत्राचा काही भाग नायट्रेटऐवजी अमोनियमच्या रूपात दिल्यास ऑक्झलेट कमी होते असे आढळले आहे. मात्र अमोनियम अति झाल्यास मुळांना इजा होते.

शेतातील पिकाशी तुलना

जलसंवर्धित व शेतातील पिकांची तुलना करताना मोजमाप ताज्या वजनावर केले आहे की शुष्क वजनावर, हे आधी पाहावे लागते. समजा, शेतातील पाल्यात ८६ टक्के आणि हरितगृहातील पाल्यात ९० टक्के पाणी आहे. तर १०० ग्रॅम ताज्या पाल्यात शुष्क पदार्थ अनुक्रमे १४ व १० ग्रॅम असतील. दोन्हींतील शुष्क पदार्थाची घडण अगदी सारखी असली, तरी ताज्या वजनावर हरितगृहातील पाला सुमारे २९ टक्के कमी पौष्टिक दिसेल. उलट शुष्क वजनावर दोन्ही समान ठरतील. शिजवून खाणाऱ्याच्या ताटात ताज्या वजनाचा आकडा महत्त्वाचा असतो, तर वनस्पतीच्या घडणीचा अभ्यास करताना शुष्क वजनाचा आकडा उपयोगी पडतो.

तुलना न्याय्य होण्यासाठी वाण, झाडाचे वय, काढणीची वेळ व ऋतू समान असणे आवश्यक असते. हरितगृहातील ५ आठवड्यांचा पाला शेतातील ३ महिन्यांच्या पाल्याशी ताडून पाहिला, तर दिसणारा फरक लागवडीच्या पद्धतीचा की वयाचा हे सांगता येत नाही. वाणावाणांतील फरक अनेकदा लागवडीच्या पद्धतीतील फरकाहून मोठा असतो: पांढऱ्या बोंडांचा वाण कोणत्याही पद्धतीने वाढविला तरी त्यात गडद लाल वाणाइतके अँथोसायनिन येत नाही.

जलसंवर्धनाचे काही फायदे स्पष्ट आहेत. पाला मातीने माखत नाही, मातीतील सूत्रकृमींचा उपद्रव टळतो, दूषित जमिनीतील जड धातू पिकात येत नाहीत आणि फिरत्या द्रावणामुळे पाण्याची बचत होते. मात्र मूळ पाणीच दूषित असेल, तर हा फायदा उरत नाही. बंद जागेत पांढरी माशी, मावा व पिठ्या ढेकूण झपाट्याने वाढतात; त्यांवर रासायनिक फवारणी केल्यास पाल्यात अवशेष राहण्याचा धोका शेताइतकाच असतो. त्यामुळे जलसंवर्धित हा शब्द रसायनमुक्त या अर्थाने घेणे चुकीचे आहे. वीज, आच्छादन व उपकरणे यांचा खर्चही मोठा असतो.

काढणी व काढणीनंतरची हाताळणी

पाला कोवळा असताना खुडतात. जून पाला चरबट होतो व त्यातील तंतू वाढतात. बोंडे फूल गळाल्यावर सुमारे २ ते ३ आठवड्यांत, आतील फळ कोवळे व बाहेरची दले रसरशीत असतानाच तोडतात. उशीर झाल्यास दले वातड होतात.

क जीवनसत्त्व उष्णता, हवा व साठवण यांमुळे लवकर नष्ट होते. ग्राहकाच्या जवळ वाढविलेला व त्याच दिवशी पोहोचलेला हरितगृहातील पाला म्हणूनच दूरवरून दोन-तीन दिवसांनी आलेल्या पाल्याच्या तुलनेत या बाबतीत सरस ठरू शकतो. बोंडे वाळविताना तीव्र ऊन व जास्त तापमान टाळतात. सावलीत किंवा मंद उष्णतेवर वाळवून, हवाबंद डब्यात अंधारात ठेवल्यास रंग व अँथोसायनिन अधिक टिकतात.

आहारातील उपयोग व खबरदारी

विदर्भ, मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्रात अंबाडीचा पाला उकडून, आंबट पाणी काढून टाकून, तांदळाच्या किंवा ज्वारीच्या कण्या वा तुरीची डाळ घालून शिजवतात आणि वर लसणाची फोडणी देतात. ही भाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर खातात. उकळून पाणी टाकल्याने विद्राव्य ऑक्झलेट व नायट्रेटचा काही भाग निघून जातो, त्याबरोबर क जीवनसत्त्वाचाही काही भाग जातो. फोडणीतील तेलामुळे कॅरोटीनचे शोषण चांगले होते.

बोंडांच्या पेयाचा रक्तदाबावरील परिणाम अभ्यासला गेला आहे. २०१० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सौम्य वाढलेला रक्तदाब असलेल्या ६५ व्यक्तींचा समावेश होता. ६ आठवडे रोज ३ कप पेय घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ७.२ मिलिमीटरने, तर दिखाऊ पेय घेणाऱ्यांचा १.३ मिलिमीटरने उतरला. हे पेय औषधांना पर्याय नाही. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी व गर्भवती स्त्रियांनी ते नियमित घेण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. ज्यांना ऑक्झलेटचे मूतखडे होतात त्यांनी पाल्याचे प्रमाण मर्यादित ठेवावे. पाल्यातील लोह वनस्पतिजन्य असल्याने त्याचे शोषण कमी होते. त्यामुळे केवळ अंबाडीच्या भाजीवर विसंबून रक्तक्षयावर उपचार करणे योग्य नाही. हे नियम शेतातील व जलसंवर्धित या दोन्ही प्रकारच्या अंबाडीला सारखेच लागू पडतात.